चॅरिटी शॉपमधून काय घ्यावे, काय घेऊ नये : ऊद मेथ्यातल्या अनुभवावरून



दुबईत नव्याने आलेली कुटुंबे गणपतीत किंवा कोजागरीला भेटली की काही प्रश्न हमखास येतात. शाळा कुठली बघावी, मोदकाची पिठी कुठे मिळते, भाडे चेकने द्यावे का. त्यातच एक प्रश्न जरा आवाज खाली करून विचारला जातो : "ते चर्चजवळ जुन्या वस्तूंचे दुकान आहे म्हणतात, तिथून तुम्ही काही घेता का हो?"

घेतो. बरीच वर्षे घेतो आहोत. त्यात काही चुकाही केल्या आहेत. म्हणून प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावे असे ठरवले.

ऊद मेथा आपल्या लोकांना परका नाही. इंडियन हायस्कूल इथे, इंडिया क्लब इथे, मुलांना स्केटिंगला न्यायचे तर अल नसर लेझरलँड इथे. 2017 च्या आगीनंतर बंद पडलेल्या लॅम्सी प्लाझात तर निम्म्या दुबईने संसाराची पहिली खरेदी केली असेल. याच भागात सेंट मेरीज आणि होली ट्रिनिटी ही दोन चर्चेस आहेत. होली ट्रिनिटीशी जोडलेले थ्रिफ्ट सेंटर म्हणजेच वर विचारलेले 'ते दुकान'. शेजारच्या कराम्यातही अशी दुकाने चालत आली आहेत. पाम जुमेराच्या गोल्डन माइल गॅलेरियातले 'थ्रिफ्ट फॉर गुड' हे त्या मानाने अलीकडचे. ते चकचकीत आहे, कपडे नीट हँगरला लावलेले असतात, आणि नफा 'गल्फ फॉर गुड' या संस्थेमार्फत मुलांसाठीच्या कामाला जातो.

आधी मनातली अढी

आपल्याकडे दुसऱ्याने वापरलेले घेणे कमीपणाचे समजतात. 'उतरलेले कपडे' हा शब्दच बघा. आमच्या लहानपणी जुने कपडे घराबाहेर जायचे ते बोहारणीकडे. ती दारात पाय पसरून बसायची, आई साडीची घडी उलगडून दाखवायची, आणि तीन साड्या नि एका पँटवर स्टीलचे पातेले मिळवायचे की डबा यावर अर्धा तास वाद चालायचा. पुढे ते कपडे कुठे जातात, कोण घालतो, हे कोणी विचारले नाही. म्हणजे आपण या साखळीत होतोच, फक्त देणाऱ्या टोकाला उभे होतो.

आणि घेणाऱ्या टोकालाही होतो. नव्या बाळाला पहिल्या दिवसांत जुन्या मऊ धोतराची दुपटी आणि थोरल्या भावंडांची झबली घालायची, हे घरोघरी चालत आलेले आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी जाऊन पाने आणि मोटारी शोधल्याशिवाय आमच्या पिढीतल्या किती जणांचे इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट पूर्ण झाले असते, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरच्या पुस्तकांची तर गोष्टच सोडा.

दुसरी अढी जास्त प्रामाणिक आहे. चांगला पगार असताना आपण चॅरिटी शॉपमधून घेतले, तर गरजूचा घास काढून घेत नाही का? आमच्या सौ.ने हा प्रश्न पहिल्याच दिवशी दुकानाच्या दारात उभे राहून विचारला होता.

उत्तर दुकानाच्या रचनेतच आहे. चॅरिटी शॉप म्हणजे वस्तू वाटण्याचे केंद्र नव्हे. लोक वस्तू देतात, दुकान त्या विकते आणि आलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो. इंग्लंडमध्ये ऑक्सफॅमचे ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरचे दुकान 1940 च्या दशकाच्या अखेरीस निघाले ते याच हिशेबाने. संकटग्रस्तांना सोन्याच्या फ्रेमचा आरसा पाठवून उपयोग नाही. तो विकला तर औषध पाठवता येते. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचे तर हा एक कन्व्हर्टर आहे, इनपुट वस्तू आणि आउटपुट रोख. खरेदीदार नसेल तर कन्व्हर्टर बंद. तेव्हा विकत घेणारा हा इथे उपकार घेत नसतो.

तरी एक गोष्ट खरी. त्याच रांगेत घरकाम करणाऱ्या बायका, दुकानांत काम करणारी मुले असतात. फिलिपिनो ताया घरी पाठवायच्या 'बालिकबायन' खोक्यासाठी टॉवेल, बूट, लहान मुलांचे कपडे निवडत असतात. आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे : टॉवेल, चादरी, रोजचे कपडे, साध्या बॅगा यांच्या ढिगात आम्ही हात घालत नाही. ते आपल्याला सेलमध्ये नवे परवडते. कोणी याला भाबडेपणा म्हणतील, म्हणोत.

आपली मंडळी काय शोधतात

पहिला मान पुस्तकांचा. ब्रिटिश कुटुंबे परत जाताना मुलांची पुस्तके खोकीच्या खोकी देऊन जातात, कारण पुस्तकांचे वजन फार. बिफ, चिप आणि किपर यांची ऑक्सफर्ड रीडिंग ट्रीची पातळ पुस्तके नवी घ्यायची तर खिसा हलका होतो, आणि मूल एक पुस्तक दहा मिनिटांत संपवते. इथे ती काही दिरहमात मिळतात. एनिड ब्लायटन, जेरोनिमो स्टिल्टन, रोआल्ड डाल यांचा तर तोटाच नसतो. पूर्वी जुमेरात 'हाउस ऑफ प्रोज' नावाचे जुन्या पुस्तकांचे दुकान होते. 1993 साली निघालेले. वाचून पुस्तक परत केले की निम्मे पैसे मिळत. तिथे वाढलेली दुबईची मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत.

पाठ्यपुस्तकांना मात्र भुलू नका. एनसीईआरटीने 2024-25 पासून तिसरी आणि सहावीची पुस्तके बदलली आणि त्यानंतर पुढच्या इयत्तांचीही बदलत नेली. एप्रिलमध्ये शाळा सुरू होताना जुना संच स्वस्तात मिळाला म्हणून आनंद होतो आणि जूनमध्ये कळते की धडेच वेगळे आहेत. गाईड आणि ॲटलासचीही छपाईची तारीख बघावी.

दुसरी गोष्ट ऐकून नवख्यांना हसू येते : थंडीचे कपडे. वाळवंटात लोकरी कोट! पण विचार करा. इथला माणूस स्वित्झर्लंडला नाहीतर जॉर्जियाला आठवडाभर जातो, त्यासाठी भारी जॅकेट घेतो, आणि परत आल्यावर ते कपाटात पडून राहते. दोन वर्षांनी मुलाला ते लहान होते आणि दुकानात येते. लंडनमधल्या चॅरिटी शॉपमधला कोट दहा हिवाळे वापरलेला असेल, दुबईतला बहुधा एकच. आम्ही लेहला गेलो तेव्हा चौघांचे कोट याच दुकानातून नेले होते. घेताना चेन दोनदा वरखाली करून बघावी, काखेतली शिवण बघावी, आणि खिसे जरूर तपासावेत. एका खिशात आम्हाला कोणाच्या तरी केबल कारची तिकिटे मिळाली होती, चार माणसांची.

आता स्वयंपाकघर. इथे खरी मजा आहे, कारण आपल्या बायका इंग्रजी भांड्यांकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतात.

फ्रान्समध्ये ज्याँ मॉन्तले या गृहस्थाने 1932 साली भाज्या कुस्करण्याचे एक यंत्र काढले. खाली भोकांची चाळणी, वर तिरके पाते आणि फिरवायचा दांडा. यातूनच पुढे मूलिनेक्स कंपनी उभी राहिली. इंग्रज लोक या यंत्राला 'मूली' म्हणतात आणि त्यातून बटाटे, सफरचंदे काढतात. आमच्या सौ.ने ते शेल्फावर पाहिले आणि मोठ्यांदा म्हणाली, "अहो, हे पुरणयंत्र आहे!" काउंटरवरच्या आजीबाईंना पुरण समजावून सांगायला पाच मिनिटे गेली. यंत्र मात्र अप्रतिम चालते. बारीक भोकांची चाळणी लावली आणि डाळ गरम असतानाच घातली तर किलोभर डाळीचे पुरण सहज निघते. फक्त तिन्ही चाळण्या सोबत आहेत का ते बघा. अनेकदा जाड भोकांची एकच उरलेली असते आणि ती पुरणाला कुचकामी.

हाच न्याय सोऱ्याला लावू नका. बिस्किटे पाडायचा 'कुकी प्रेस' हुबेहूब सोऱ्यासारखा दिसतो, चांदणीची चकतीही असते. पण तो लोण्याच्या मऊ पिठासाठी केलेला. चकलीच्या भाजणीने त्याचा दांडा वाकतो. आमचा दिवाळीच्या आदल्या रात्री वाकला.

लोणच्यासाठी तारेच्या क्लिपच्या जाड काचेच्या बरण्या जरूर घ्या. रबराची कडी मात्र नवी टाका, जुनीला आधीच्या घरच्या व्हिनेगरचा वास असतो. फराळ पाठवायला बिस्किटांचे पत्र्याचे गोल डबे उत्तम, चिवडा महिनाभर कुरकुरीत राहतो. केकचे साचे, ओव्हनचे ट्रे हेही आपल्याकडे भराभर उचलले जातात. इथल्या भाड्याच्या घरांत गॅसच्या शेगडीखाली ओव्हन असतो, आणि पहिले सहा महिने त्यात कढया ठेवल्यावर सातव्या महिन्यात कोणीतरी नानकटाई करायला घेते.

जपून घ्यायच्या वस्तू

विजेच्या वस्तू. यूएईत 220 ते 240 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, प्लग चौकोनी तीन पिनांचा. पण दुबईत अमेरिकन आणि जपानी कुटुंबेही राहून जातात, त्यांच्या वस्तूही याच शेल्फावर येतात. त्या 100 ते 120 व्होल्टच्या असतात, आणि कोणीतरी वर चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर अडकवून ठेवलेला असतो. पिन बदलली म्हणजे व्होल्टेज बदलले असे नव्हे. आम्ही, म्हणजे अभियांत्रिकीची पदवी भिंतीवर टांगून ठेवलेल्यांनी, 120 व्होल्टचा वॅफल मेकर सरळ भिंतीत लावला. ओहमच्या नियमाने दुप्पट व्होल्टेजला चौपट वॉटेज होते. पाठ होते हो, परीक्षेत लिहिलेही होते. वॅफल झाले नाही, धूर मात्र लिफ्टपर्यंत गेला. तेव्हा मागची पट्टी वाचल्याशिवाय काही घेऊ नका. '100-240' असे छापले असेल तर निर्धास्त घ्या. भिंतीवरची अमेरिकन विजेची जुनी घड्याळेही घेऊ नका. त्यांतली बरीच 60 हर्ट्झवर चालणारी असतात, इथल्या विजेवर तासाला दहा मिनिटे मागे पडतात.

प्रेशर कुकर दिसला की माहेरचे माणूस दिसल्यासारखे होते, हे मान्य. पण शिट्टी, गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे तिन्ही नवे घालता येतील अशाच कंपनीचा घ्यावा, आणि बुडाला फुगवटा असेल तर अजिबात नको. ओरखडे पडलेले नॉनस्टिक, नक्षी घासून गेलेल्या जुन्या बश्या जेवणासाठी घेऊ नयेत, जुन्या रंगांत शिसे असू शकते. जड कटग्लासच्या सुरया दिसायला सुंदर, पण अस्सल क्रिस्टलमध्येही शिसे असते. त्यात फुले ठेवा, लिंबाचे सरबत किंवा लोणचे भरून ठेवू नका.

मुलांच्या गाडीतल्या खुर्च्या हा सर्वात नाजूक विषय. 2017 पासून यूएईत चार वर्षांपर्यंतच्या मुलांना खुर्ची सक्तीची आहे, त्यामुळे स्वस्त खुर्चीचा मोह होतो. पण ती खुर्ची अपघातातून गेली आहे का, हे बघून कळत नाही. आतला थर्मोकोल तडकलेला असला तरी वरचे कापड नवे दिसते. माहितीतल्या माणसाकडून घ्या, नाहीतर नवी घ्या. सायकलच्या हेल्मेटला हेच लागू. एक बाजू खाली सरकणारे बाळाचे जुने पाळणे अमेरिकेने 2011 साली बंद केले, कारण बाळे फटीत अडकत. तसा पाळणा कितीही छान दिसला तरी सोडा.

गादी आणि कापडी सोफा नकोच. ढेकूण हा दुबईच्या जुन्या इमारतींचा कायमचा भाडेकरू आहे आणि तो फुकट येतो, जाताना मात्र पेस्ट कंट्रोलचे पैसे घेतो. कपडे आणले तर पिशवीतून थेट मशीनमध्ये, लेबल परवानगी देत असेल तर 60 अंशांवर.

देणाऱ्यांसाठी

इथे जरा गंभीर बोलायचे आहे.

आखातातला आपला संसार व्हिसाच्या कागदावर उभा असतो. पूर्वी व्हिसा रद्द झाला की साधारण 30 दिवसांत देश सोडावा लागे. 2022 च्या बदलांनंतर व्हिसाच्या प्रकारानुसार जास्त मुदत मिळू लागली, पण पंधरा वर्षांचे घर मोडायला ती तरी किती? 2008-09 च्या मंदीत आणि पुन्हा 2020 मध्ये आम्ही आमच्याच मजल्यावरची घरे रिकामी होताना पाहिली. 2020 च्या जुलैमध्ये शेजारच्या वहिनी आमच्या दारात आल्या, हातात कुकर, आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा घेता का? पैसे नकोत. फक्त लिफ्टजवळ ठेवायला जीव होत नाही." दादांची नोकरी गेली होती, विमान चार दिवसांवर होते. मुलीची सायकल, गणपतीचे मखर, मायक्रोवेव्ह, सगळे बाहेरच्या खोलीत मांडलेले. त्या आठवड्यात दुकानही बंद, घ्यायला कोणी नाही. जे आम्ही ठेवून घेऊ शकलो ते घेतले. बाकीचे वॉचमनने खाली नेले, त्याचे पुढे काय झाले माहीत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी एक शिस्त आहे : दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाण्याआधी एक खोके भरून द्यायचे. घर मोडायची वेळ आली तर निदान हलके मोडेल. ही अभद्र बोलणी नव्हेत. सिस्टिम चालू असतानाच बॅकअप घ्यायचा असतो, बंद पडल्यावर नाही.

देताना वस्तू धुऊन द्या. जिगसॉ पझल असेल तर तुकडे मोजून खोक्यावर चिकटपट्टी लावा आणि 'पूर्ण' किंवा 'एक तुकडा कमी' असे लिहा. काही इंग्रज आजीबाई तसे करतात, आणि असे खोके पहिले विकले जाते. फाटके, डागाळलेले देऊ नका. ते टाकायला दुकानालाच खर्च येतो. स्वतः पैसे देऊन घेतली नसती अशी वस्तू देऊ नये, एवढी एक कसोटी पुरते. नुसते कपडेच असतील तर ठिकठिकाणी ठेवलेल्या रेड क्रेसेंटच्या पेट्याही आहेत.

आणखी एक, मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्यांसाठी. "आपणच सगळ्यांकडून वस्तू आणि पैसे गोळा करून मदत पाठवू" ही कल्पना दर वर्षी निघते. इथे तसे करता येत नाही. दुबईत 2015 च्या आदेशाने आणि पुढे 2021 च्या संघराज्याच्या कायद्याने मदत गोळा करण्याचा अधिकार फक्त परवानाधारक संस्थांना आहे, व्हॉट्सॲपवर आवाहन करणेही अंगाशी येऊ शकते. तेव्हा मान्यताप्राप्त दारातच द्या.

जाण्यापूर्वी

ग्रीन लाइनचे ऊद मेथा स्टेशन 2011 पासून आहे, पण उन्हाळ्यात पायी जाताना डोक्यावर काहीतरी घ्या. जुन्या मार्गदर्शिकांतल्या वेळांवर जाऊ नका. 2022 पासून साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि बऱ्याच ठिकाणच्या वेळा बदलल्या. शिवाय अशी दुकाने बहुतांशी स्वयंसेवकांवर चालतात, उन्हाळ्यात ते मायदेशी गेलेले असतात. फोन करूनच निघा. मोठे फर्निचर घेतात का, तेही त्याच फोनवर विचारा. पिशवी घरून न्या. सुटे दिरहम ठेवा.

आणि कृपा करून भावात घासाघीस नको. आम्ही आपल्याच एका गृहस्थांना पाच दिरहमची बशी तीनला मागताना पाहिले आहे, मागे रांगेत एक मोलकरीण न बोलता पूर्ण पैसे हातात धरून उभी असताना. काउंटरवरच्या आजीबाईंनी त्यांना ती तीनला दिली. आम्ही आमची पुस्तके घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडलो.

पुरणयंत्र अजून आहे. होळीच्या आठवड्यात आमच्या इमारतीत ते चार घरे फिरते. कोणाला हवे असेल तर आधी सौ.कडे नाव नोंदवावे.